कजरीची बस

कुकरची शिट्टी काही होईना म्हणून समीक्षा गॅसपाशी उठून आली, तर बाहेरच्या ओसरीतून तिचंच एक वाक्य तिच्या कानावर पडलं. "जा बिटिया, दुकान से नमक ले आ. मैं यहीं बैठी हूँ." 'मैं'नंतर जरासा श्वास घ्यायचा, असं तिनं कंसात लिहून दिलं होतं, आणि त्या कोण कुठल्या नटीनं तो श्वास बरोब्बर तिथंच घेतला. मग लहान पावलं पळत गेल्याचा आवाज, मग ते रडवं संगीत, मग उद्या याच वेळी कजरीची गोष्ट ऐकायला विसरू नका, असं सांगणारा पुरुषाचा आवाज. समीक्षाच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. बाई गं, हे इथं कसं आलं? ओसरीत रोज दुपारी गल्लीतल्या बायका तांदूळ निवडायला जमायच्या, मधोमध तिची सासू शांताबाई सूप मांडीवर घेऊन, एका बाजूला शेजारची सरिता, दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातली पौर्णिमा. फोनवर त्या भजनं ऐकायच्या, कधी कुणा बाईच्या लोणच्याची कृती ऐकून तिला नावं ठेवायच्या. कजरीची गोष्ट त्यांनी आजवर ऐकली नव्हती, आणि त्या ऐकतील असं समीक्षाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती तिथं चिकटल्यासारखी उभी राहिली. पौर्णिमा सांगत होती की वारासिवनीच्या बहिणीनं तिला हे ॲप घालून दिलं, तिचं मागचं सगळं ऐकून झालं, आता आजपासून सगळ्यांनी मिळून ऐकायचं. आणि ज्यांचं मागचं राहिलं त्यांच्यासाठी तिनं ते भडाभडा सांगूनही टाकलं: कजरीचा नवरा तापानं मेला, तिचा भाऊ तिला न्यायला आला, त्यानं तिचा दुसरीकडे पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावायचं ठरवलं, पण पुढच्या घरची अट एकच की पोरगी संगं आणायची नाही. स्वैपाकघराच्या जाळीतून समीक्षाला शांताबाईंचा उजवा हात तेवढा दिसत होता. तो सुपातल्या तांदळात थांबला होता. मग एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला आणि हात पुन्हा चालू झाला.

खडा होता की तांदूळच होता, हे काही तिला दिसलं नाही.  ती आपल्या खोलीत परत आली. खोली कसली, स्वैपाकघरामागची धान्याची जागा. तांदळाच्या कोठीशेजारी एक टेबल, त्यावर लॅपटॉप, वर एक पंखा जो वीज असेल तेव्हा फिरतो. याच टेबलावर तिचा सगळा धंदा. लेखिका म्हणजे काय काम करते, हे मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात लोकांना समजावून सांगायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. साडीच्या दुकानाच्या जाहिराती तिनं लिहिल्या, रिटायर होणाऱ्या साहेबांची भाषणं लिहिली, लग्नाच्या मुलींचे बायोडाटा लिहिताना गव्हाळ रंगाला किती नावं देता येतात ते शिकली, जन्मात न पाहिलेल्या धुलाई यंत्रांचे गुण गायले, परदेशी कुत्र्यानं सकाळी काय खावं यावर तर तिचे लेख आहेत. गल्लीच्या लेखी ती टायपिंग करते. घरीच तं असते, म्हणून हिच्याकडे कुणी किल्ली ठेवायची, कुणी पार्सल घेऊन ठेवायला सांगायचं, गॅसवाला आला तर सगळ्यांचे सिलिंडर हिच्याच दारात. नवरा गजेंद्र बिचारा भला माणूस, पण तोसुद्धा मित्रांना सांगताना 'ऑनलाइन काही करते' असंच सांगायचा. आणि तरी गेली काही वर्षं या घराचा किराणा, विजेचं बिल, शांताबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या या टायपिंगवरच चालत होत्या, कारण गजेंद्र आठवडाभर उकव्याला, खाणीच्या गावी राहून एका ठेकेदाराची जीप चालवायचा आणि ठेकेदार आज आहे, उद्या नाही. हे शांताबाई जाणून होत्या. बायकांसमोर त्या म्हणायच्या, माही सून कंपूटरवर बसते, तिले आवाज देऊ नका. त्यांच्या तोंडून ते ऐकलं की समीक्षाची छाती फुगायची. आज तीच छाती धडधडत होती.

कजरी तिला मिळाली ती अशीच, कुणाच्या तरी ओळखीनं. लांबच्या मोठ्या शहरात बसलेला विवेक नावाचा एक संपादक. त्याला रोजच्या रोज ऐकायला लावणारी हिंदी गोष्ट हवी होती, एक भाग संपला की पुढच्यासाठी माणसाचा जीव टांगणीला लागला पाहिजे अशी. समीक्षानं लिहिली. सासूचा छळ लिहिला, हरवलेलं मंगळसूत्र लिहिलं, नदीला आलेला पूर लिहिला, एक जुळा भाऊसुद्धा आणला. लोक ऐकेनासे झाले. विवेकचा फोन आला, गोड बोलणारा माणूस, पण त्यानं स्पष्टच सांगितलं की हे सगळं कुठून तरी उचलल्यासारखं वाटतं, हिच्यात जीव नाही, असंच चाललं तर गोष्ट बंद करून दुसऱ्या कुणाला दुसरी लिहायला द्यावी लागेल. कुछ सच्चा लाइए समीक्षा जी, असं तो म्हणाला होता. सच्चं काय आणायचं? ती इथं कोठीशेजारी बसून सच्चं कुठून आणणार होती? भाजीवाल्याशी बोलणं, गॅसवाल्याशी बोलणं, आणि सासूशी बोलणं. तेवढंच तिचं जग. आणि सासूनं तिला एक गोष्ट दिली होती.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. समीक्षाच्या पोटातलं राहिलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, जेवायची नाही, बोलायची नाही. गजेंद्रला काय करावं ते कळेना, तो उंबऱ्यात येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. बायका येऊन सांगून जायच्या की अजून वय आहे, होईल. त्यांचं ते 'होईल' ऐकलं की तिला ओरडावंसं वाटायचं. एका दुपारी शांताबाई कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या आणि काही न बोलता तिचे पाय चोळू लागल्या. सासूनं सुनेचे पाय चोळायचे म्हणजे काय, तिनं पाय ओढून घेतले, तर त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला. मग खाली मान घालून, पायांकडेच पाहत त्यांनी सांगितलं. त्या या घरात आल्या ते पाटानं. त्याआधी उकव्याला एक घर होतं, एक नवरा होता, तो तापात गेला. एक मुलगी होती. भाऊ न्यायला आला, पुढच्या घरानं पोरगी नको म्हटलं, आणि पहिल्या सासरच्यांनीही ती दिली नसतीच. मोठी माणसं बोलत बसली होती, बस यायची वेळ झाली होती. त्यांनी पोरीला दुकानात गूळ आणायला पाठवलं आणि त्या भावासोबत बसमध्ये जाऊन बसल्या. बस दुकानावरूनच निघाली. पोरगी दुकानासमोर उभी होती, हातात गुळाची पुडी.

"तिनं बसले पाहून हात हालवला वं," शांताबाई म्हणाल्या होत्या. "तिथले सारेच पोट्टे हालवत. बस आली का हालवत. तिले का मालूम मी आतमंदी हाव. ते हासून राह्यली होती."

गजेंद्रला हे माहीत नव्हतं. सासरे होते तेव्हा त्यांना माहीत होतं, ते गेले. गजेंद्रनं उकव्याची नोकरी धरली तेव्हा शांताबाईंनी जेवण सोडलं होतं आणि सगळ्यांनी त्याला म्हातारपणचा हट्ट म्हटलं होतं. आता कळलं तो कशाचा हट्ट होता ते. शांताबाई पुढं काही बोलल्या नाहीत. तुझं दुःख मोठं की माझं, असलं काही नाही. फक्त वाटी उचलताना म्हणाल्या, जेव आता थोडंसं. आणि समीक्षा त्या दिवशी जेवली. खरं सांगायचं तर ती त्या दिवसापासून जगली. कुणी आपल्याला आपल्या जिवातलं काढून एवढं द्यावं, तिच्या आईनंही दिलं नव्हतं.

आणि तेच तिनं विकलं. बसली एका सकाळी, विवेकचं बोलणं डोक्यात घोंघावत होतं, आणि बोटं आपोआप चालू लागली. गुळाचं मीठ केलं. उकव्याची कुठली तरी कोळशाची वस्ती केली. शांताची कजरी झाली. रडत रडत लिहिलं, आणि रडताना आत कुठंतरी ती खूश होती, हे तिला तेव्हाही कळत होतं. जमलं, जमलं, असं कुणीतरी आत टाळ्या पिटत होतं. लाज वाटली का? वाटली. पण तिनं स्वतःला एक गोष्ट पटवून दिली होती, आणि ती इथल्या माणसालाच पटू शकते. घरात म्हाताऱ्या माणसांशी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत हिंदी, फोनवर हिंदी. लहानपणापासून तिला सवय अशी की एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत जात नाही. आईची बोलणी मराठीत खायची आणि मैत्रिणींत हिंदीत हसायचं, दोन्हींची एकमेकींशी गाठ पडत नाही. सासूचं ते दुःख मराठी होतं. ओसरीतलं, तेलाच्या वाटीजवळचं. ते एकदा हिंदीत गेलं, शहरातल्या नटीच्या गळ्यात गेलं, की ते शांताबाईंचं राहिलंच कुठं? शांताबाईंना हिंदी लागते ती भाजीवाल्याशी घासाघीस करायला, असं हिनं धरून ठेवलं. अहो, जी बाई सगळं आयुष्य बालाघाटात राहिली, जिच्या घरात संध्याकाळी टीव्हीवर चार चार हिंदी मालिका चालतात, तिला कजरी कळणार नाही? एवढी शिकलेली मुलगी, पण स्वतःच्या सोयीचं असलं की माणूस कशालाही बळी पडतो.

बायका गेल्या. शांताबाई आत आल्या, निवडलेले तांदूळ कोठीत ओतायला. कोठी समीक्षाच्या खुर्चीला लागूनच, त्यांचा पदर तिच्या खांद्याला घासला. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून तिनं श्वास धरून ठेवला. तांदूळ ओतण्याचा आवाज तेवढा झाला. चाय ठेवू का, असं त्यांनी विचारलं. रोज विचारतात तसंच. समीक्षानं वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही, तिची हिंमतच झाली नाही. लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत ती 'हौ' म्हणाली. त्यांना कळलं नसेल, असं तिला क्षणभर वाटलं. दुकानात पोरं सगळेच पाठवतात, मीठ सगळ्यांच्याच घरातलं संपतं. आजच्या भागात अजून झालंय काय? पोरगी दुकानात गेली, एवढंच. बस उद्या आहे. बस आणि हात. सगळं उद्याच आहे, आणि ते एकदा ओसरीतल्या बायकांसमोर वाजलं की शांताबाईंना कळायचं काही बाकी राहणार नाही. आणि त्यांनी सगळ्यांसमोर काही केलं, रडल्या, उठून गेल्या, तर गल्लीलाही कळेल, आणि गल्लीला कळलं की शनिवारी घरी आलेल्या गजेंद्रला कळायला किती वेळ. चहा आला. समीक्षानं तो घेतला आणि तिची जीभ पोळली.

तिनं विवेकला फोन लावला. घरात बोलायची सोय नाही म्हणून मागच्या न्हाणीत दार लावून, नळ थोडा सोडून. त्याला म्हणाली, उद्याचा भाग थांबवा, त्यात बदल करायचा आहे. तो आधी हसला. म्हणाला, रेकॉर्ड झालाय, चढवूनही झालाय, आता काय थांबवता? आणि थांबवायचा कशाला, लोक वेडे झालेत, ज्यांनी सोडून दिलं होतं ते परत आलेत. पुढच्या गोष्टीसाठीही तुमचंच नाव मी वर कळवलंय. तिनं म्हटलं, ती एका जिवंत माणसाची गोष्ट आहे.  तो हळू आवाजात म्हणाला, "वही तो सुनाई दे रहा है, समीक्षा जी." आणि लगेच कामाचं बोलू लागला: परवाच्या भागाचं लिखाण त्याला उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे, तिथून गोष्ट एकदम पुढं उडी मारणार, पोरगी मोठी झालेली, आईचा द्वेष करणारी, बदला घ्यायला निघालेली. हे ठरलेलं आहे, वरच्यांना सांगून झालंय, यात आता काही हलवू नका, नाहीतर मला दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागेल. नळाखालची बादली भरून वाहू लागली होती. बाहेरून शांताबाईंचा आवाज आला, पानी जाऊन राह्यलं वं. तिनं नळ बंद केला.

रात्र कशी गेली ते तिचं तिलाच माहीत. सकाळी ती स्वतःवरच चिडत उठली. सांगून टाकावं, असं भाकरी थापताना ठरवलं, आणि भाकरी तव्यावर पडेपर्यंत ते गळून गेलं. काय सांगणार? की तुमचं ते मी लिहिलं, आई? त्यांना एवढं तरी कळतं का की कजरी कुणीतरी लिहीत असतं? का कळत नाही, सगळं कळतं. मग बाकीचे उपाय सुचू लागले, एकाहून एक भिकार. वायफायची वायर काढून ठेवावी. पण पौर्णिमाच्या फोनमध्ये स्वतःचं नेट आहे. शांताबाईंना दुपारी दवाखान्यात न्यावं, दाब तपासायला. तिनं म्हणून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, परवाच तं तपासला, मले का झालं? असं म्हणताना त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, की तिला तसं वाटलं, कोण जाणे. आता तिला सगळ्यातच काहीतरी दिसू लागलं होतं. त्यांनी ताटात मीठ वाढलं तरी ती दचकली. दुपारी गजेंद्रचा फोन आला आणि तो इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, इथं चहाच्या टपरीवर सारे एक कजरीची स्टोरी ऐकून राह्यले, तू ऐकतेस का? तू काहून गप्प झाली, असंही त्यानं विचारलं. नेटवर्क नाही, असं सांगून तिनं फोन ठेवला. उकव्याच्या टपरीवर. जिथली बस, तिथंच. त्या टपरीवर बसलेल्या एखाद्या पिकल्या केसांच्या माणसाला आठवणार नाही का? आणि ती मुलगी, ती आता पन्नाशीकडे झुकली असेल, तीही कुठंतरी फोन कानाशी धरून बसली असेल तर? हे तर तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. लिहिताना ती पोरगी कायम लहानच राहिली होती. 

आणि ती वेळ आली. बायका आल्या, सूपं आली, पौर्णिमानं फोन एका उपड्या तांब्यावर टेकवून ठेवला. समीक्षा खोलीतच बसली, लॅपटॉप उघडा, उद्याच्या भागाचं कोरं पान समोर. कान मात्र ओसरीत. सुरुवातीचं संगीत वाजलं. दुकानदाराचा आवाज, सुट्ट्या पैशांवरून त्याची कुरकुर. मग बसचं इंजिन. विवेकच्या माणसांनी इंजिन इतकं खरं वाजवलं होतं की सरिता म्हणाली, अगदी बैहरले जाते त्या गाडीवानी. कजरी खिडकीशी बसली. भाऊ म्हणाला, बाहर मत देख. मग ती पोरगी. समीक्षानं लिहिलं होतं की मुलीचा आवाज नको, फक्त कजरीच्या मनातलं बोलणं ठेवा. पण त्यांनी घातला होता. एक लहान मुलगी खिदळून ओरडली, टाटा, बस, टाटा. आणि कजरीचं मनातलं बोलणं, अगदी हळू: सब बच्चे हिलाते हैं हाथ, उसे क्या पता मैं अंदर हूँ. समीक्षानं डोळे गच्च मिटून घेतले. आपलं तोंड फोडून घ्यावं, असं तिला वाटलं. हे वाक्य तिनं बदललंसुद्धा नव्हतं. बदलायचा प्रयत्न केला होता, दोनदा, पण दुसरं कुठलंच वाक्य त्याच्या पासंगाला पुरेना, म्हणून आहे तसं ठेवलं. तेव्हा तिला ती आपली कलेची निष्ठा वाटली होती.

संगीत संपलं. ओसरीत कुणी तांदळाला हात लावत नव्हतं. मग सरिता बोलली, आणि ती बोलली की तिला आवरणं कठीण. कसली ही आई, म्हणाली, पोटची पोर रस्त्यावर सोडून नव्या नवऱ्याकडे निघाली. कुत्रीसुद्धा पिल्लू तोंडात धरून नेते. पौर्णिमा रडत होती, तरी तिनंही री ओढली की भावाचा हात झटकून उतरायचं होतं, गाडीच होती, विमान थोडीच होतं? मग दोघींनी मिळून कजरीला जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. समीक्षा उठली होती. दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती, पुढं जायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. तिला शांताबाईंची पाठ दिसत होती, ताठ, पदर डोक्यावर नीट. पौर्णिमानं नाक पुसत त्यांनाच विचारलं, तुम्ही सांगा काकी, कोनती माय असं करंन?

शांताबाईंनी सूप थोडं हलवलं, कोंडा एका कडेला आणला आणि फुंकून टाकला.

"मी असती तं उतरली असती," त्या म्हणाल्या.

हौ नं, हौ नं, असं दोघी म्हणाल्या.  शांताबाईंच्या आवाजात कंप नव्हता, काही नव्हतं. बाजारभाव सांगावा तसा आवाज. इतकी वर्षं हा आवाज त्यांनी असाच सांभाळला असणार, आणि आज दोन बायकांसमोर त्यांना स्वतःच्याच तोंडानं स्वतःला दोष द्यावा लागला, तो हिच्यामुळं. ती खोलीत परत आली आणि खुर्चीत बसली. बायका उठल्याचे आवाज आले, चपलांचे आवाज, उद्या लवकर या गं, असं कुणीतरी. मग ओसरीची जाळी लागली. मग पावलं. शांताबाई कोठीकडे गेल्या नाहीत. त्या तिच्या टेबलाजवळच्या पाटावर बसल्या, जिथं त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या, कारण सून काम करताना तिला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचाच नियम.

"आई," समीक्षा म्हणाली. ती रडू लागली. मी चुकले, असं काहीतरी ती म्हणाली, त्यांच्या पायांकडे हात नेऊ लागली. शांताबाईंनी तो हात मध्येच धरला. जोरात धरला, घोटा धरला होता तसा. त्यांचा चेहरा आता ओसरीतल्या त्या आवाजासारखा राहिला नव्हता. डोळ्यांत राग होता, चांगला खरा राग.

"हात हालवनारी पोरगी म्या जन्मात एका मानसाले सांगतली होती," त्या म्हणाल्या. "एका."

समीक्षानं मान खाली घातली. मारलं असतं तर बरं झालं असतं.  पंखा गरगरत होता. लॅपटॉपच्या कोपऱ्यात विवेकचा निरोप येऊन पडला होता, उद्याचा भाग कुठवर आला म्हणून. शांताबाईंनी पडद्याकडे पाहिलं. ते कोरं पान त्यांना काय कळलं असेल, पण त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"याच्या पुढचं हे आहे?"

"हौ. लिहिलं नाही अजून."

"पुढं का होते तिचं?"

समीक्षानं सांगितलं. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. पोरगी मोठी होते, आईचा राग करते, तिचं वाटोळं करायला निघते, असं वरून ठरलं आहे. तसं नाही लिहिलं तर हे काम जाईल. पुढचंही जाईल. तिनं हे सगळं सांगितलं आणि सांगताना तिलाच ते इतकं क्षुद्र वाटलं की शेवटी तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. शांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काम जाईल म्हणजे काय जाईल, हे त्यांना सुनेइतकंच समजत होतं. या घरात कशावर काय चालतं ते त्या विसरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पाट थोडा पुढं ओढला.

"बस थांबव," त्या म्हणाल्या.

समीक्षा त्यांच्याकडे पाहत राहिली.

"थांबव म्हनते नं. लिही. तुह्या मराठीत लिही, माह्या मराठीत लिही, मंग कशातही कर. पन थांबव."

तिची बोटं कळांवर गेली. विवेक, वरची माणसं, महिना अखेरचा किराणा, सगळं एकदा तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि बोटं तरी मागं आली नाहीत. तिनं लिहिलं, बस थांबली. शांताबाई आता तिच्याकडे पाहत नव्हत्या, पडद्याकडेही नव्हत्या. मागच्या हिवाळ्यात मान खाली होती, आज ती वर होती, आणि त्या एकेक वाक्य सांगत गेल्या, सावकाश, जणू कितीदा तरी मनात घोळवून पाठ झालेलं. भाऊ दंड धरते. बाई त्याचा हात झटकते. खाली उतरते. दुकानापाशी जाते. पोरगी हासून राह्यली आहे अजून. पोरीले कडेवर घेते अन् गाडीत चढते. लोक पाहून राह्यले. जागा नाही देत कोनी, तं उभीच राहते. समीक्षा लिहीत होती, डोळे पुसायला हात रिकामा नव्हता.

"मंग कंडक्टर येते," शांताबाई म्हणाल्या. "थो विचारते, बाई, हे पोरगी कोनाची?"

समीक्षा थांबली.  शांताबाईंनी घसा साफ केला, आणि मग ओसरीच्याही पलीकडे, पार समोरच्या घरापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या:

"माही हाय."